बाह्य डाग

सिन्नरच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीत उगलेनानांच्या नजरेच्या गोष्टी सांगितल्या जायच्या. विमानाच्या इंजिनातल्या चकतीला केसापेक्षा बारीक चीर गेलेली असली, तरी ती म्हणे नानांच्या डोळ्यांतून सुटायची नाही. इंजिनांची दुरुस्ती करणाऱ्या कारखान्यात एकतीस वर्षं हा माणूस अंधारखोलीत बसून चकत्या तपासत होता, आणि गंमत म्हणजे एकदाही विमानात बसला नव्हता. कोणी विचारलंच तर म्हणायचा, "मला सिन्नरहून नाशिकला जायचं असतं. तिथवर विमान जात नाही."

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी नजर शाबूत होती. फक्त ती आता पत्नी इंदुमतीकाकूंच्या तांदळातले खडे वेचण्यात खर्च होत होती. मार्गशीर्षातल्या एका दुपारी नाना असेच ताट मांडीवर घेऊन ओट्यावर बसले असताना दारात एक गाडी थांबली आणि पस्तिशीतली एक बाई उतरली. ऋजुता नाफडे असं तिनं नाव सांगितलं. विमानाचं इंजिन फुटलंच, तर त्याच्या तुकड्यांनी कमीत कमी नुकसान व्हावं म्हणून विमानं कशी बांधायची, याचे नियम नव्यानं लिहिणारी एक समिती पुण्यात बसली होती. ही त्या समितीची सचिव.

"नाना, चार महिन्यांपूर्वीची विमानाची बातमी तुम्ही वाचली असेल," ती म्हणाली.

ती न वाचलेला माणूस त्या वसाहतीत तरी सापडला नसता. नव्वद माणसांचं छोटं विमान नागपूरहून उडालं, आणि सहाव्या मिनिटाला त्याच्या उजव्या इंजिनातली चकती तडकून तिचे तीन तुकडे झाले. एक शेतात पडला. एक पंखात रुतला. तिसरा मात्र सातव्या रांगेतून आरपार गेला. विमान सुखरूप उतरलं, एकोणनव्वद माणसं पायऱ्या उतरून आपापल्या घरी गेली. सातव्या रांगेत खिडकीशी बसलेली रेवती धांडे नावाची मुलगी गेली नाही. भूमापन खात्यात नोकरीला होती, वय एकोणतीस. पेपरात तिचा फोटो आला होता आणि नानांनी तो कापून ठेवला नव्हता, पण विसरलेही नव्हते.

ऋजुतानं पिशवीतून एक काचेची डबी काढली. आत बोटभर लांबीचा धातूचा तुकडा होता. नानांनी तो उजेडाकडे तिरका धरला. तुटलेल्या अंगावर गोल गोल रेषा होत्या. म्हणजे चकती एका झटक्यात फुटली नव्हती, चीर बरीच वर्षं आतल्या आत वाढत आली होती.

"आमच्याकडून गेलेली?" त्यांनी विचारलं.

"हो. आणि आता कधी गेली तेही कळतं."

हे कसं कळतं ते जरा सांगायला हवं. विमान उडतं तेव्हा चकती मिनिटाला हजारो फेरे घेते आणि उतरलं की थांबते. चीर असेल तर दर उड्डाणाला ती किंचित पुढे सरकते आणि सरकल्याची एक रेषा मागे ठेवते. झाडाच्या खोडात दर वर्षाचं कडं उमटतं, त्यातलाच प्रकार. या रेषा मोजायची विद्या जुनीच. पण त्यावरून नुसता अंदाज यायचा, इतकी उड्डाणं झाली असावीत एवढाच. गेल्या दोन वर्षांत भंगवाचक नावाचं यंत्र आलं आणि सगळंच बदललं. उघड्या पडलेल्या धातूवर हवेचा जो गंज चढतो, त्याचे अणुभर जाडीचे थर हे यंत्र एकेक करून वाचतं. चैत्रातल्या नागपूरच्या उन्हात उडालेल्या दिवशीचा थर वेगळा, लेहच्या थंडीतला वेगळा, चार दिवस विमान उभं राहिलं तर त्याचा आणखी वेगळा. ही नक्षी विमानाच्या नोंदवहीशी जुळवली की कुठल्या तारखेला चीर केवढी होती, हे यंत्र दाखल्यासारखं सांगतं. पूर्वी एखादी वस्तू मोडली की वस्तू मोडली एवढंच कळायचं. आता तिच्यावर कोणाचा हात फिरला होता तेही कळू लागलं होतं.

"सहा वर्षांपूर्वी ही चकती तुमच्या कारखान्यात तपासणीला आली," ऋजुता म्हणाली. "दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी. त्या दिवशी बोल्टच्या एका भोकाशी असलेली चीर दोन मिलिमीटरला थोडी कमी होती. शिक्का तुमचा आहे, नाना."

दोन मिलिमीटर म्हणजे नानांच्या दृष्टीनं दोन फूट.

"नोंदीत तुमच्या अक्षरात एक शेरा आहे. 'बाह्य डाग, मान्य.' हा कसला डाग?"

नानांनी ताटातला एक खडा उचलून बाजूला टाकला. मग म्हणाले, "असतात काही तेलाबिलाचे."

ऋजुतानं लिहून घेतलं. चहा घेतला, काकूंच्या हातच्या चकलीला नावाजलं, आणि पुढच्या आठवड्यात पुण्याला समितीसमोर यायचं पत्र ठेवून निघून गेली. नाना तसेच बसून राहिले. आयुष्यात पहिल्यांदा ते तपासणीबद्दल खोटं बोलले होते, आणि तेही इतक्या सहज की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

तो डाग कसला, हे नानांना पक्कं ठाऊक होतं.

चकती तपासतात ती अशी. तिला एका चमकणाऱ्या तेलात बुडवतात, मग वरवरचं तेल धुऊन टाकतात आणि पांढरी भुकटी मारतात. चीर असेल तर तिच्यात मुरलेलं तेल हळूहळू झिरपून भुकटीत येतं. अंधारखोलीत जांभळ्या दिव्याखाली ते पिवळं-हिरवं चमकतं. तपासनीसाचं काम एवढंच, की अंधाराला डोळे सरावेपर्यंत थांबायचं आणि चमक शोधायची.

आता या जगात जांभळ्या दिव्याखाली अगदी तश्शीच पिवळी-हिरवी चमकणारी एक वस्तू आपल्या प्रत्येक घरात आहे. ती म्हणजे हळद.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा व्हायची. सगळ्यात ज्येष्ठ कामगाराच्या बायकोनं पूजा करायची अशी तिथली रीत. लेथला हार, क्रेनला हार, आणि मध्यभागी पाटावर एक चकती मांडलेली, तपासणीला आलेल्यांपैकीच. तिच्या बोल्टच्या भोकाभोकाशी ओल्या हळदीकुंकवाची बोटं. बाकीच्या चकत्यांनाही बायका जाताजाता बोट लावून जायच्या, एवढ्या लांबून आलेल्या पाहुण्यांना कोरडं कशाला ठेवायचं म्हणून. नंतर सगळं धुतलं जायचं, पण हळद ती हळद. दसऱ्यानंतरचा आठवडाभर अंधारखोलीत जागोजाग ठिपके चमकायचे. पोरं त्याला 'नवमीचा प्रसाद' म्हणायची. नाना द्रावणात भिजवलेल्या फडक्यानं ठिपका पुसायचे, तो जायचा, आणि वहीत शेरा पडायचा, बाह्य डाग.

नियम याहून एक पायरी पुढे होता. पुसल्यावर पुन्हा भुकटी मारायची आणि दहा मिनिटं थांबायचं. हळद असेल तर परत येत नाही, चीर असेल तर तेल पुन्हा झिरपतं. पहिली काही वर्षं नाना थांबले. दर वेळी हळदच निघाली. पुढे पुढे एका सकाळी अकरा चकत्या, प्रत्येकीवर चार-पाच ठिपके, आणि दर ठिपक्याला दहा मिनिटं, हा हिशेब काही जमेना. नाना थांबेनासे झाले. तो आळस नव्हता हो. इतकी वर्षं जे खरं ठरलं त्यावर माणूस भरवसा टाकतो, तसा त्यांनी टाकला.

आणि सहा वर्षांपूर्वी पाटावर होती ती हीच चकती, आणि तिची पूजा केली होती ती इंदुमतीकाकूंनी. ज्येष्ठ कामगार तेव्हा नानाच होते.

दोन दिवसांनी दत्तू सांगळे आला. नानांच्या हाताखाली तयार झालेला, आता तपासणी विभागाचा प्रमुख. पायातल्या चपला न काढता तो दारातच उभा राहिला, तेव्हाच नानांनी ओळखलं की हा काहीतरी अवघड बोलायला आलाय.

"आत ये की. काकू देवळात गेल्यात," नाना म्हणाले.

दत्तू आत आला, खुर्चीच्या कडेवर टेकला. "नाना, सरळच बोलतो. पुण्याला गेलात की सांगा, वय झालं होतं, नजर चुकली. संपला विषय."

"नजर चुकली नाही, दत्तू. मला दिसलं होतं."

"मला माहितीये काय दिसलं होतं." दत्तूनं आवाज खाली आणला. "म्हणून तर आलोय. नजर चुकली म्हणालात तर तुमचा परवाना जाईल, तो तसाही कपाटात पडलाय. हळद म्हणालात तर काकूंचं नाव पेपरात येईल. त्या पोरीच्या फोटोशेजारी. आणि आपला कॅमेरा बसेल खड्ड्यात."

या कॅमेऱ्याबद्दल वसाहतीत सगळ्यांना अभिमान होता. नानांच्या नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांत कारखान्यानं चार इंजिनियर त्यांच्या मागे बसवले होते. अंधारखोलीतली नानांची एकतीस वर्षांची चित्रं आणि त्यावरचे शेरे एका यंत्राला दाखवले, आणि असली चमक दिसली की नाना काय म्हणतात, हे त्याला शिकवलं. ते यंत्र गेली तीन वर्षं नानांच्या जागेवर बसून चकत्या तपासत होतं. पोरं त्याला लाडानं 'छोटे नाना' म्हणत. आता समितीच्या मसुद्यात एक कलम आलं होतं. चकती ज्या पातळीत फिरते, तिथंच तिचे तुकडे उडतात. म्हणून विमानाच्या तेवढ्या पट्ट्याला जाड कवच घालायचं, असा आधीच्या मसुद्यातला नियम. पण कवचाचं वजन दोन प्रवाशांइतकं, आणि ते कोणत्याच विमान कंपनीला नको होतं. तेव्हा नवं कलम असं, की ज्या इंजिनांच्या चकत्या कॅमेऱ्यानं तपासल्यात, त्या विमानांना कवचातून सूट. माणसाची नजर चुकते, कॅमेऱ्याची चुकत नाही, हा त्यामागचा मुद्दा. कलम मंजूर झालं की देशभरात चाळीस कॅमेरे जाणार होते, सगळे सिन्नरहून.

"दोनशे माणसांचं काम आहे त्यात," दत्तू म्हणाला. "तुम्ही नजर चुकली म्हणालात की कलमाला उलट जोरच मिळतो. सगळ्यांचंच भलं होतं, नाना. गेलेली मुलगी काही परत येणार नाही."

दत्तू वाईट माणूस नव्हता. म्हणून तर त्याचं बोलणं नानांना पटायला लागलं, आणि पटतंय म्हणून त्यांना स्वतःचाच राग आला. "बघतो," एवढंच ते म्हणाले.

पुण्याला जायच्या आदल्या दिवशी सकाळी नाना जेवायला बसले आणि नुसतेच ताटाकडे बघत राहिले. काकूंनी दोनदा आमटी वाढू का विचारलं. मग पळी खाली ठेवून त्या समोर बसल्या.

"अहो, ती बाई येऊन गेल्यापासून तुमचं कशातच लक्ष नाही. काय ते एकदा बोला तरी."

नानांनी ठरवलं होतं की सांगायचं नाही. पण पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांना हे कधी जमलंच नव्हतं. ते सगळं बोलले. हळद कशी चमकते, नवमीचा प्रसाद, अकरा चकत्या, न थांबलेली दहा मिनिटं, सगळंच. काकू ऐकत होत्या. मग त्यांनी आपला उजवा हात उलटा करून बोटांकडे पाहिलं.

"म्हणजे माझ्या बोटांखाली ती चीर होती," त्या म्हणाल्या.

"तुझा काय संबंध? तू हळद लावलीस. बघायचं काम माझं होतं."

"मला समजावू नका." काकू उठल्या, मोरीवर जाऊन तोंड धुऊन आल्या आणि पुन्हा समोर बसल्या. नानांना वाटलं, सांगितलं ही चूकच झाली. बायकोच्या जिवाला हा घोर लावण्यापेक्षा दत्तूचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

"एक विचारू?" काकू म्हणाल्या. "मला त्यातलं कळत नाही. तुम्ही हळद दिसली की पुसत होता. तुमच्या जागेवर ते यंत्र बसवलंय, त्याला हात आहेत का पुसायला?"

"नाहीत. ते नुसतं बघतं."

"मग हळद दिसली की ते काय करतं?"

नानांनी ताट बाजूला सारलं. यंत्राला त्यांनी पुसायला शिकवलं नव्हतं. त्याला फक्त चित्र, त्याची तारीख आणि चित्राखालचा शेरा दिसला होता. दसऱ्यानंतरची पिवळी-हिरवी चमक, आणि खाली नानांचं 'बाह्य डाग, मान्य'. एकदा नाही, एकतीस वर्षं. नाना चुकले ते एकदा. यंत्र त्यांची चूक न थकता, न विसरता, चाळीस ठिकाणी करणार होतं. आणि त्याच्या भरवशावर विमानं कवचाविना उडणार होती.

"माझं नाव येईल म्हणून गप्प बसू नका," काकू म्हणाल्या. "येऊ दे. त्या मुलीच्या आईला कधी भेटले तर खाली मान घालून उभी राहीन. पण तोंड लपवणार नाही."

पुण्यात समितीच्या लांबलचक टेबलाभोवती नऊ जण होते. नानांनी उभं राहून सांगितलं. ऋजुताला तेल म्हणालो ते खोटं होतं, इथून सुरुवात केली. मागच्या खुर्च्यांवर कारखान्याचे साहेब बसले होते, दत्तूही होता, त्यांच्याकडे नानांनी बघितलं नाही.

अध्यक्ष म्हातारे गृहस्थ होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी चष्मा काढला. "उगले, असं समजा, आम्ही कारखान्यात पूजा बंद करायचा नियम केला. भागेल?"

"नाही भागणार साहेब," नाना म्हणाले. "आमच्याकडे हळद आहे. दुसरीकडे दुसरं काहीतरी असेल. माणूस जिथं काम करतो तिथं त्याचं काहीतरी लागतंच."

"आम्हीही नियम लिहिताना तेच धरून चालतो," ऋजुता म्हणाली. "कितीही तपासली तरी एखादी चकती फुटणार. कोणाच्या तरी हातून काहीतरी राहणार. म्हणून तर त्या विमानाच्या सुकाणूच्या तारा दोन वेगळ्या वाटांनी नेल्या होत्या. एक वाट तुटली, दुसरी राहिली, आणि एकोणनव्वद माणसं उतरली. नाना, तुमची चूक त्या विमानात आधीच धरलेली होती."

ती हे धीर द्यायला म्हणाली. नानांना मात्र ते लागलं. एकतीस वर्षं आपण चुकत नाही म्हणून छाती पुढे काढून चाललो, आणि हे लोक तिकडे कागदावर आपलं चुकणं गृहीत धरून बसले होते. आणि धरलं ते बरंच झालं, हेही त्यांना त्याच क्षणी कबूल करावं लागलं.

"मग सातव्या रांगेचं काय धरलं होतं?" त्यांनी विचारलं.

ऋजुता म्हणाली, "काही धरलं नव्हतं. म्हणून तर कवचाचं कलम आलं."

"आणि आता तुम्ही तेच काढायला निघालात. माझ्या नजरेच्या जोरावर."

कारखान्याचे साहेब उठले. कॅमेरा नानांपेक्षा कैक पटींनी सरस आहे, हळदीची ही गोष्ट म्हणजे एका वयस्कर माणसाची अपराधी भावना आहे, असं ते नम्रपणे म्हणाले. अध्यक्षांनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि चाचणी लावली.

चाचणी सिन्नरच्या त्याच अंधारखोलीत झाली. ऋजुतानं प्रयोगशाळेतून पाच चकत्या आणल्या होत्या. चौघींना चिरा होत्या, त्यांच्या जागा मोजलेल्या, एक निर्दोष. तेल, धुणं, भुकटी, सगळं यथासांग झालं. कॅमेऱ्यानं पाचही चकत्या दहा मिनिटांत उरकल्या. चारांवर लाल दिवा, एकीवर हिरवा. त्यातली एक चीर इतकी बारीक होती की ती नानांनाही दिसली नाही. साहेबांनी दत्तूच्या पाठीवर थाप मारली. नानांना एकीकडे वाईट वाटलं आणि एकीकडे, का कोण जाणे, शाबासकी द्यावीशीही वाटली.

"आता नवमीसारखं करायचं," ऋजुता म्हणाली. "हळद कोण लावेल? नेहमी लावतात तशीच हवी."

"ती लावेल," नाना म्हणाले.

इंदुमतीकाकू बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्या वाटी घेऊन आत आल्या. जांभळा दिवा लावायच्या आधी, साध्या उजेडात, त्यांनी चिरा असलेल्या चारही चकत्यांच्या भोकांशी बोटं टेकवली. ना हार, ना आरती. एकही भोक त्यांनी सोडलं नाही. नंतर चकत्या धुतल्या, खंडेनवमीनंतर धुतात तितक्याच. तेल, धुणं, भुकटी पुन्हा झालं. ऋजुतानं यंत्रात दसऱ्यानंतरच्या तिसऱ्या दिवसाची तारीख घातली. दिवे गेले.

जांभळ्या उजेडात पहिल्या चकतीवर पाच ठिपके चमकले. चार हळदीचे होते. पाचवा जरासा लांबट होता, त्याच्या कडा धारदार होत्या. नानांना तो लगेच ओळखू आला. त्या दिवशीही ओळखू आला असता, जर ते ओळखायच्या तयारीनं बघत असते तर.

कॅमेरा क्षणभर थांबला. हिरवा दिवा लागला. पडद्यावर शेरा उमटला, बाह्य डाग, मान्य.

दुसरी चकती, हिरवा. तिसरी, हिरवा. चौथीला दत्तूच पुढे होऊन म्हणाला, "बंद करा." अंधारात काकूंनी नानांचा हात धरला, आणि चारचौघांत त्यांनी असं कधीच केलं नव्हतं.

दिवे लागल्यावर पहिलं बोलले ते नाना. "या शेऱ्यावर गेलेल्या चकत्या आत्ता कुठं कुठं आहेत?"

दत्तूनं निमूटपणे नोंदी उघडल्या. नानांच्या हातच्या आणि कॅमेऱ्याच्या मिळून एकसष्ट चकत्या अजून वापरात होत्या. चव्वेचाळीस विमानांमध्ये. ऋजुतानं फोन लावला. एकेक क्रमांक वाचून दाखवायचा होता, आणि ते दत्तूचं काम होतं. पण नानांनी चष्मा लावला आणि यादी स्वतःकडे घेतली. एकसष्टही क्रमांक त्यांनी स्पष्ट आवाजात वाचले, ज्यांच्यावर त्यांचा शिक्का होता तिथं "हा माझा" असंही सांगितलं. संध्याकाळपर्यंत देशभरात चव्वेचाळीस विमानं जागच्या जागी थांबली. पुढे त्यांतल्या दोन चकत्यांना खरोखरच चिरा निघाल्या. कवचाला सूट देणारं कलम ऋजुतानं मसुद्यातून खोडलं आणि त्या जागी एकच वाक्य लिहिलं, की कोणीही आणि कशानंही तपासलेली चकती फुटणारच आहे असं धरून विमान बांधावं.

पण ते सगळं नंतर झालं. चाचणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नाना शिवाजी चौकाजवळच्या सलूनमध्ये दाढीला गेले. गल्लीतल्या दोघा-तिघांनी त्यांना बघून तोंड फिरवलं होतं. चाळीस कॅमेऱ्यांचं काम गेल्यातच जमा असल्याची बातमी पोचली होती. कारखान्यातल्या ज्या बायकांनी इतकी वर्षं काकूंच्या हातून कुंकू लावून घेतलं, त्यांतली एकही सकाळी पाण्याच्या टाकीवर बोलली नव्हती. परवाना रद्द झाल्याचं पत्र यायचं होतं, चौकशी व्हायची होती. रेवती धांडेच्या वडिलांना पत्र लिहायला नाना पहाटेच बसले होते, पण तिसऱ्या ओळीपुढे त्यांना जाता आलं नव्हतं.

सलूनमध्ये खताच्या दुकानाचे गुजराथी मालक आधीच बसले होते आणि फोनवर तावातावानं बोलत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी आरशातून नानांकडे पाहिलं. ते नानांना ओळखत नव्हते.

"काय चाललंय बघा, काका. पोरगी काल दुपारपासून रायपूरच्या विमानतळावर अडकलीय. अठरा तास. ऐनवेळी सांगतात विमान उडणार नाही. कुठल्या तरी मूर्ख माणसानं कसलीतरी तपासणी धड केली नाही म्हणे, आणि भोगायचं हिनं."

न्हाव्याचा वस्तरा नानांच्या गालावर थांबला. तो नानांना ओळखत होता.

"अठरा तास म्हणजे फार झालं," नाना म्हणाले. "काही खाल्लं का तिनं?"

"खातेय कसली? चिडलीय नुसती. सारखी फोन करून त्या माणसाला शिव्या घालतेय."

नानांचे डोळे एकदम भरून आले. न्हाव्यानं मान किंचित मागे धरली होती, त्यामुळे पुसायचीही सोय नव्हती.

"घालू द्या," ते म्हणाले. "तिचा फोन आला तर तिला म्हणावं, हवं तेवढं बोल. तो ऐकतोय."